उतरायचं कसं

आप्पांना सिमल्यात माझ्याकडे येऊन सव्वा महिना झाला होता आणि त्यांना परत न्यायचं कसं यावर आमची फोनाफोनी सुरू होती. शिमगा तोंडावर आलेला. आमच्या गावात पालखी घरोघर फिरते. ती आमच्या अंगणात आली आणि आप्पा ओटीवर नाहीत, असं आजवर दोनदाच झालंय, दोन्ही वेळा ड्युटीमुळे. तिसऱ्यांदा ते माझ्यामुळे व्हायला नको होतं.

येताना भावाने त्यांना मुंबईहून विमानाने चंदीगडला आणलं होतं आणि तिथून टॅक्सीने वर. सकाळी मुंबईत घाम पुसत चहा, रात्री सिमल्यात दोन रजया. आप्पांच्या कानांना पुढचे दोन दिवस दडे बसलेले. पण त्यांची तक्रार कानांची नव्हती. चौथ्या दिवशी माल रोडवर ऊन खात बसलेले असताना एकदम म्हणाले, "आलो खरा, पण वाट काय ती कळली नाही गो बाय."

हे वाक्य कुणा हौशी प्रवाशाचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. आप्पा एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होते. आंबा घाट, कुंभार्ली घाट ही त्यांची रोजची ये-जा. वाट न कळता कुठे पोचणं ही त्यांच्या लेखी जवळजवळ चूकच. म्हणून विमान बाद झालं आणि मी लॅपटॉपवर एक तक्ता करायला घेतला. सिमला ते रत्नागिरी जमिनीवरून. रस्त्याने धरलं तर दोन हजार किलोमीटरच्या वर. तक्त्यात चार रकाने होते: तास, पैसे, सामान किती वेळा उचलायचं आणि शौचालय. शाहत्तर वर्षांच्या माणसासाठी हा शेवटचा रकाना आधीच्या तिन्हींपेक्षा मोठा असतो, हे प्रवासाच्या जाहिराती करणाऱ्यांना कुणी तरी सांगायला हवं.

आप्पांनी तक्ता पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "यात उतरतो कसा ते कुठे लिहिलंयस?"

मला आधी वाटलं, ते स्टेशनवर उतरण्याबद्दल बोलतायत. पण त्यांना घाट उतरणं म्हणायचं होतं. सिमला स्टेशन समुद्रसपाटीपासून २०७६ मीटरवर आहे आणि आमच्या अंगणातून खाडीचं पाणी दिसतं. मधे हे दोन हजार मीटर कुठे तरी उतरावेच लागणार, ते कुठे आणि कसे, एवढंच त्यांना हवं होतं. मग मीही तक्ता त्या नजरेने पाहायला लागले आणि त्याचं गणितच बदललं.

पहिला पर्याय माझी स्वतःची छोटी गाडी. ऑफिसातल्या पंजाबी सहकाऱ्याने तर रूटही काढून दिला: दिल्लीपर्यंत चौपदरी, पुढे नवा द्रुतगती मार्ग, जिथे झालाय तिथे तो, नाही तिथे जुना रस्ता, आणि मुंबईनंतर "आपका गोवा हायवे". त्या हायवेचं काम दहा वर्षांहून जास्त काळ रखडलंय हे त्याला सांगण्याचा मोह मी आवरला. आप्पा मात्र गाडीचं नाव काढताच खुलले. मग त्यांनीच हिशेब मांडला. ड्रायव्हर एक. रोज आठ तास धरले तरी पाच दिवस. रात्रीचं चालवायचं नाही. "दोन हजार किलोमीटर, एकच ड्रायव्हर, बदली नाही. आमच्याकडे अशी ड्युटी लावणाऱ्यालाच चार्जशीट मिळाली असती," म्हणाले आणि विषय संपला. मनातून त्यांना वाईट वाटलं असणार. माझ्या चालवण्यावर त्यांचा विश्वास आहे की नाही, हे मात्र त्यांनी त्यात मोठ्या खुबीने गुलदस्त्यात ठेवलं.

दुसरा पर्याय बस. सिमल्याहून दिल्लीला रात्रीच्या व्होल्व्हो सुटतात, सकाळी कश्मीरी गेटला सोडतात. तास कमी, सामान एकदाच उचलायचं, शौचालयाच्या रकान्यात ढाब्याचा भरवसा. आप्पांना इथल्या बसगाड्यांबद्दल भलताच आदर. सव्वा महिन्यात ते मंदिरांत कमी आणि लोकल बसमध्ये जास्त बसले. ड्रायव्हरच्या पाठची सीट मिळाली नाही तर दुसऱ्या बसची वाट पाहायचे. इथे ड्रायव्हरला 'उस्ताद' म्हणतात, हे कळल्यापासून तर विचारायलाच नको. "आपल्याकडे साला कुणी उस्ताद म्हटलं नाही. 'ओ डायवर' म्हणायचे." एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला सफरचंदांच्या बागांकडे निघालेला ट्रक आणि मधल्या वीतभर जागेतून बस काढणारा उस्ताद पाहिला की आप्पांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. ब्रेक नसलेल्या फरशीवर.

पण रात्रीची व्होल्व्हो म्हणजे घाट झोपेत उतरायचा. परवाणूपर्यंतचा सगळा उतार काळोखात आणि पडदे ओढून. आप्पांनी नुसती मान हलवली.

राहिली कालका-सिमला रेल्वे, म्हणजे सगळे जिला टॉय ट्रेन म्हणतात ती. खेळण्यासारखं तिच्यात रुळांच्या रुंदीखेरीज काही नाही. अडीच फूट रुंदीचे रूळ, शहाण्णव किलोमीटरचा मार्ग, ९ नोव्हेंबर १९०३ ला सुरू झालेला. बोगद्यांना आकडे आहेत ते कालक्याकडून, म्हणून सिमला सोडलं की पहिलाच बोगदा १०३ क्रमांकाचा लागतो आणि मग आकडे उतरत जातात. मधला एखादा बोगदा आता वापरात नाही, पण आकडे जुनेच चालू आहेत. वळणं नऊशेच्या वर. चढ तेहतीसला एक. मोटारीने तीन-साडेतीन तासांत जाता येतं तिथे ही गाडी पाच-साडेपाच तास घेते. तक्त्यात ती सगळ्यात खाली होती. आप्पांनी तिच्यावर बोट ठेवलं.

सिमल्याहून निघालो तेव्हा उतारांवर बुरांश फुलला होता, लालभडक. आप्पा म्हणाले, आपल्याकडे आता पांगारा असाच पेटला असेल. पहिलं स्टेशन समरहिल. ऑगस्ट २०२३ मध्ये इथे डोंगर खचला, शिवमंदिर आणि त्यातली माणसं गेली, खालचा भराव वाहून गेला आणि रूळ हवेत लटकत राहिले. तो फोटो तेव्हा सगळीकडे फिरला होता. काही आठवडे गाडी बंद होती. त्या जागेवरून आमची गाडी अगदी हळू निघाली तसे आप्पा खिडकीतून वाकून खाली पाहत राहिले. दरड म्हटली की कोकणातला माणूस असाच पाहतो. कुंभार्लीत एकदा दरडीच्या अलीकडे रात्रभर गाडी उभी करून काढलेली त्यांची रात्र आमच्या घरात अजून दर पावसाळ्याला सांगितली जाते.

मग त्यांना गोळा सापडला. हा मार्ग एकेरी आहे. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी असावी म्हणून ड्रायव्हरकडे एक धातूचा गोळा देतात. चामडी पिशवीत घातलेला, पिशवीला मोठी कडी. तो हातात असल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही आणि पुढच्या स्टेशनवर तो परत केल्याशिवाय त्या टप्प्यात दुसरी गाडी सोडता येत नाही. आप्पा प्रत्येक स्टेशनवर उतरून ही देवाणघेवाण पाहून येऊ लागले. तारादेवी, शोघी, कंडाघाट. मी जीव मुठीत धरून बसलेली, कारण गाडी काही ओरडून निघत नाही. "घाटात आमच्याकडे असा गोळा असता तर," ते परत येऊन बसत म्हणाले, "निम्मी भांडणं झाली नसती. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असा नियम आहे. पण उतरणाऱ्याला वाटतं, आपण उतारावर आहोत म्हणजे घाई करायचा हक्क आपला."

बडोगचा बोगदा हा या मार्गावरचा सगळ्यात लांब, ३३ क्रमांकाचा, ११४३ मीटरचा. त्याची एक गोष्ट सगळे सांगतात. बडोग नावाच्या इंग्रज अभियंत्याने डोंगर दोन्ही बाजूंनी खोदायला घेतला, मधे दोन्ही टोकं जुळलीच नाहीत. सरकारने त्याला एक रुपया दंड केला आणि त्या अपमानाने त्याने जीव दिला. नंतर भलकू नावाच्या इथल्याच एका साध्या माणसाने काठीने ठोकत वाट दाखवली म्हणतात. गोष्टीत खरं किती आणि रंगवलेलं किती, कोण जाणे; पण सिमल्यात रेल्वेचं संग्रहालय आहे त्याला नाव भलकूबाबाचं आहे. आप्पांना ही गोष्ट डब्यातल्या एका काकांनी सांगितली. माझी अपेक्षा होती की ते भलकूबद्दल काही बोलतील. ते दंडावर अडकले.

"एक रुपया?"

"हो."

"बरोबर आहे. पाचशे केला असता तर भरून मोकळा झाला असता." मग थोडा वेळ गेला. "मला सव्वीस रुपयांचा मेमो आला होता एकदा. आरशाच्या काचेचा."

कालक्याला उतरलो तेव्हा हवा बदललेली, स्वेटर हातावर. इथे रुंद रूळ सुरू होतात, म्हणून सामान उचलायचं. दीड हजार मीटरच्या आसपास उतार आमच्या मागे पडला होता आणि आप्पांच्या चेहऱ्यावर ड्युटी संपवून लॉगशीट भरल्याचा भाव होता. संध्याकाळच्या शताब्दीने रात्री दिल्ली. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सपाट, वेगवान, वेळेवर आणि सूप मिळालं.

दिल्लीच्या पुढे तक्त्यात खरी चुरस होती. चंदीगडहूनच केरळला जाणारी संपर्कक्रांती आहे, ती थेट कोकणातून जाते, पण आठवड्यातून दोन दिवस, आणि तिचे दिवस आमच्या शिमग्याशी जुळेनात. राजधानी आहे, तीही कोकणातूनच जाते. तिसरी मंगला, रोजची, हजरत निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी. कोकणातल्या दिल्लीकरांची ही हक्काची गाडी. लष्करातली मुलं, मंत्रालयांतले कारकून, सगळे हिनेच गणपतीला येतात. राजधानी तासांत जिंकत होती, अंथरूण-पांघरूणात जिंकत होती. पैशांत हरत होती, कारण ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत २०२० पासून बंद झालीय ती झालीय. होळीच्या आठवड्यात दिल्लीहून बाहेर पडणारी कुठलीही गाडी रिकामी नसते, त्यामुळे दोन्हीकडे प्रतीक्षायादी. मी राजधानीकडे झुकले होते.

"तिचा रस्ता कसा?"

मी नकाशा उघडला. कोटा, बडोदा, वसई, पनवेल.

"आणि मंगलाचा?"

झाशी, भोपाळ, भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल.

आप्पांनी नकाशावर बोट फिरवलं. राजधानीची वाट माळव्याच्या कडेने गुजरातेत उतरते आणि मग समुद्राच्या सोबतीने खाली येते. सह्याद्री तिच्या डाव्या हाताला उभा राहतो, ती त्याला हात लावत नाही. मंगला दख्खनच्या पठारावर चढते आणि इगतपुरीला कड्याच्या काठावर येऊन थांबते. मग थळ घाट, ज्याला रेल्वेवाले आणि आपण सगळे कसाऱ्याचा घाट म्हणतो. चढ सदतीसला एक. १८६५ सालापासून गाड्या तिथून चढ-उतार करतायत. इतकी वर्षं मी या दोन गाड्या नुसत्या तासांत मोजत होते. एक सह्याद्री चुकवून येते आणि दुसरी सह्याद्री उतरून येते, हे माझ्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

"मंगला," आप्पा म्हणाले. "घरी जायचं तर घाट उतरून जायचं."

तिकीट आरएसी होतं, मथुरेपर्यंत अर्ध्या बर्थवर बसलो, मग टीसीने एक आख्खा बर्थ दिला. खालचा. दिवसभर मध्य प्रदेश. गहू कापणीला आलेला, कुठे कुठे कापलेला. चंबळच्या घळी आप्पांनी मन लावून पाहिल्या आणि इथे रस्ता काढणारा माणूस शहाणा असला पाहिजे, असा निर्वाळा दिला. समोर एर्नाकुलमला निघालेली एक नर्स होती, दिल्लीच्या इस्पितळात काम करणारी. तिचा प्रवास आमच्यापुढे आणखी जवळजवळ दिवसभराचा. ती आप्पांना तळलेली केळी देत राहिली आणि आप्पा तिला बुरांशाचं सरबत पाजत राहिले. भाषा दोघांचीही मोडकी हिंदी. सरबत त्यांना काही विशेष आवडलेलं नव्हतं. "रंगाला कोकम, चवीला काय ते विचारू नको." पण सिमल्याहून तीन बाटल्या घेतल्या होत्या, कारण गावात दाखवायला काही तरी लाल हवं.

एका हिशेबात मात्र मी सपशेल चुकले होते. मंगला पहाटे निघते, म्हणजे भुसावळ रात्री, नाशिक मध्यरात्रीनंतर. ज्या घाटासाठी ही गाडी घेतली तो घाट ऐन काळोखात येणार होता. व्होल्व्हो याच कारणाने बाद केलेली. मी हे आप्पांना भुसावळला सांगितलं, थोडं ओशाळून. ते म्हणाले, "ठाऊक आहे. झोप तू."

मला जाग आली ती गाडी थांबल्याने. इगतपुरी. फलाटावर कुणी तरी चाकांजवळ टॉर्च फिरवत होतं. समोरच्या बर्थवर आप्पा नव्हते. दारापाशी सापडले, मफलर गुंडाळून, आतल्या दांड्याला धरून. दार बंद होतं, ते मी आधी पाहिलं.

गाडी सुटली. बाहेर काहीच दिसत नव्हतं. एखादा दिवा, मग खडकाची ओली भिंत, मग बोगदा, मग पुन्हा नुसता काळोख आणि त्यात खूप खाली कुठे तरी महामार्गावरच्या ट्रकांचे दिवे मुंग्यांसारखे चाललेले. आप्पा पाहत नव्हतेच. ते ऐकत होते. ब्रेक लागला की डब्याखालून एक लांब उसासा यायचा, डबे एकमेकांवर किंचित रेलायचे, मग सुटायचे. पुन्हा उसासा. त्यांचा उजवा पाय त्या उसाशाच्या जरासा आधी दाबला जात होता. मी दोन-तीनदा नीट पाहिलं. आधी पाय, मग ब्रेक.

"कसं कळतं?"

"वजन पुढे यायला लागतं. पोटात कळतं." थोडा वेळ थांबून म्हणाले, "घाटात गाडी पडते ती ब्रेक फेल होऊन नाही. आधीच्या वळणाला ब्रेक जास्त वापरलेला असतो म्हणून पडते. तापतात. मग पुढच्याला लागत नाहीत. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतरायचं, बस."

या घाटात रुळांना फुटलेल्या काही वाटा मुद्दाम चढावर नेऊन सोडलेल्या आहेत, गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला त्या चढावर चढवून थांबवायचं, म्हणून. मी हे कुठे तरी वाचलं होतं, ते सांगितलं. आप्पांना ते फार आवडलं. बराच वेळ त्यांनी मान हलवली. कसाऱ्याचे दिवे आले तसा त्यांनी दांडा सोडला आणि तळहात पाहिला, जणू स्टिअरिंग सोडलंय.

पनवेल सोडेपर्यंत उजाडलं. मग आमची बहुतेक एकेरी कोकण रेल्वे, म्हणजे क्रॉसिंगसाठी थांबणं आलं. वीर स्टेशनच्या पुढे एका ठिकाणी आमची गाडी बाजूच्या रुळावर घेतली आणि समोरून रो-रो आली. सपाट वाघिणींवर ओळीने ट्रक, कर्नाटकाचे, केरळचे, पंजाबचेही. कोलाड ते वेर्णा अशा या ट्रकांच्या फेऱ्या १९९९ पासून चालू आहेत. चालक आपापल्या केबिनमध्येच असतात. एकाने पाय डॅशबोर्डवर टाकले होते, एक दात घासत होता, तिसरा तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला, आणि त्याचा ट्रक ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने त्याच्यासकट उत्तरेला चाललेला.

आप्पा त्या झोपलेल्याकडे मान वळवून वळवून पाहत राहिले. "ड्रायव्हर झोपलेला आणि गाडी चालू. आमच्या वेळी हे म्हणजे सस्पेंड."

"तुम्हाला झोप लागली असती का असं?"

"छे."

मग बोगदे. चिपळूण, संगमेश्वर आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडे, ज्यात शिरलं की रत्नागिरी आलीच म्हणून लोक बॅगा काढायला लागतात आणि मग बोगदा काही संपत नाही. बडोगच्या दंडाची आप्पांना पुन्हा आठवण झाली. हा जुळला, म्हणाले.

रत्नागिरीला गाडी पाऊण तास उशिरा पोचली. नर्सबाईंनी खिडकीतून हात हलवला, तिच्या मांडीवर सरबताची एक बाटली होती. स्टेशनातून रिक्षाने स्टँडवर आलो. गावच्या गाडीला अर्धा तास होता. लाल गाडी पाहून आप्पांनी आधी तिला पुढून एक चक्कर मारली, टायर पाहिले, मग चढले. पंचाहत्तरच्या वरच्यांना एसटीत तिकीट नाही, बायकांना अर्धं. त्यामुळे दोन हजार किलोमीटरचा हा शेवटचा तुकडा आप्पांसाठी फुकट आणि माझ्यासाठी निम्म्या दरात झाला, हा माझ्या तक्त्यातला एकमेव नि:संशय फायदा. कंडक्टर त्यांना ओळखत नव्हता. त्यांनी ओळख दिलीही नाही, नुसतं आधारकार्ड दाखवलं.

ड्रायव्हरच्या पाठची सीट मिळाली. गाडी सुटली. रस्त्याकडेच्या आंब्यांना कैऱ्या धरलेल्या. कुठल्या तरी वाडीतून ढोल ऐकू येत होता, म्हणजे तिथली पालखी बाहेर पडली होती. आमची उद्या. माळ संपला, खाडी दिसली आणि शेवटचा उतार सुरू झाला. छोटासाच, चार वळणांचा, पण पावसाळ्यात इथे गाड्या घसरतात. पोरगेला ड्रायव्हर होता, त्याने पहिल्याच वळणाला ब्रेकवर पाय ठेवला आणि तसाच ठेवला. आता आप्पा काही तरी बोलणार म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

आप्पा झोपले होते. तोंड किंचित उघडं, मफलर सुटलेला, उजवा पाय सैल. दुसऱ्या वळणाला डोकं माझ्या खांद्यावर आलं.

"काकांना कुठे उतरायचंय?" कंडक्टरने विचारलं.

"पिंपळाजवळ."

त्याने दोरी ओढली.